टेसच्या बाजूचा डोळा

फाटकाचा दांडा लिंडसे कॉरिगनच्या हातात होता. फळ्या ठोकलेल्या अरुंद वाटेने गायी एकामागून एक त्याच्या समोर येत होत्या. दांडा ओढला की गाय माळावर, ढकलला की ट्रकमध्ये. चाळीस वर्षं हा निवाडा त्याच्याच हातात होता.

गायी तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं ऊन असल्या तोंडांचं वैरी, मग ते गायीचं असो की मालकाचं. डोळ्याला कॅन्सरची गाठ धरते. पहिल्यांदा धरली तर लिंडसे ती जाळून टाकायचा आणि गाय ठेवायचा. त्याच जागी पुन्हा उगवली की गाय ट्रकमध्ये, मग ती कितीही गुणाची असो. पहिल्यांदा येतो तो पाहुणा, म्हणायचा, दुसऱ्यांदा येतो तो बिऱ्हाड घेऊन येतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात, आत मागच्या पडद्याजवळ, गाठ निघाली होती. ब्रिस्बेनला डोळ्यावर गाठ जाळणाऱ्या किरणांची चकती शिवून त्याला आठवडाभर एकट्याला खोलीत ठेवलं होतं. गाठ वाळली, नजरही गेली. आता ती तिथेच पुन्हा धरली होती. उद्या पुन्हा ब्रिस्बेन, पुन्हा चकती. हे दुखणं पसरलंच तर आधी यकृतात जातं, म्हणून तिथलं स्कॅन झालं होतं. काल हॉस्पिटलचा फोन आला, तो मुलीने, टेसने घेतला. यकृत साफ आहे, ती म्हणाली. रात्री लिंडसे दोन घास जास्त जेवला.

डावीकडचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून टेस त्या बाजूच्या फळीवर चढून बसली होती. तिकडचा डोळा बघून तिने सांगायचं, साफ की ट्रक. सकाळपासून तिने चार गायींना ट्रक म्हटलं होतं.

ट्रकवाला नॉर्म डूलन चाकाला टेकून सिगारेट वळत होता. "दुसऱ्यांदा गाठ आलेली सगळी चढवायची ना?" तो म्हणाला. "मग तू पण ये, लिंडसे. तुला पुढे बसवतो, माझ्याशेजारी."

लिंडसे पोट धरून हसला. त्या मुलखात असल्या थट्टेला हसावंच लागतं. टेस हसली नाही.

मग कान फाटलेली म्हातारी गाय आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या टेसच्या बाजूच्या डोळ्यावरची गाठ लिंडसेनेच जाळली होती. टेसने पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं.

"साफ," ती म्हणाली.

लिंडसेने दांडा ओढला नाही. त्याने मान वळवली, मग खांदे वळवले आणि उजव्या डोळ्याने पाहिलं. जुन्या डागावर द्राक्षाएवढी ओली, लाल गाठ होती. तिच्यावर माशा बसल्या होत्या. नॉर्मला ट्रकपासून दिसली असती.

त्याने दांडा ढकलला. गाय फळीवर खुर वाजवत ट्रकमध्ये चढली. तो ओरडेल असं टेसला वाटलं होतं. तो ओरडला नाही, आणि तिला भीती वाटली.

"बाबा, मला वाटलं तिला अजून एक वर्ष..."

"काल फोन ठेवून तू यकृत साफ म्हणालीस," लिंडसे म्हणाला. तो अजून रिकाम्या वाटेकडेच बघत होता. "ते असंच म्हणाली होतीस. याच आवाजात."

मागची गाय फळ्यांना अंग घासत पुढे सरकली. पुढची सोडायची का, नॉर्मने विचारलं.

टेस फळीवरून उतरली. गुरांच्या सगळ्या वाड्याला वळसा घालून ती आली आणि बापाच्या उजव्या बाजूला, त्याला दिसेल अशी उभी राहिली.