चोरीला गेलेलं कार्ड

बँकेच्या काउंटरची काच फुटली तेव्हा तक्रारी घेणाऱ्या ताईचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. समोरच्या वेल्डरने लोखंडी खुर्ची उचलली आणि हाणली. काचेचा तुकडा ताईच्या गालात घुसला. रांगेतली माणसं दाराकडे पळाली.

कार्ड त्याच्या बायकोचं होतं. परदेशी जाताना आधी पैसे भरून घेतात, तसलं. ती त्याला न सांगता एकटीच निघून गेली होती आणि तिकडे कुठल्याशा स्टेशनात अडकून पडली होती. कार्ड चालेना, हातात दमडी नाही. मेहुणीने दार न उघडता आतूनच, शिव्या घालत त्याला हे सांगितलं होतं.

काच फुटायच्या आधी ताईने तपासलं, तर कार्ड चोरीला गेल्याचं सांगून कुणीतरी ते बंद करून घेतलं होतं. कुणी, असं तिने विचारलं.

"मीच," तो म्हणाला होता. "रागात."

चोरीची नोंद झालेलं कार्ड पुन्हा चालू होत नाही, ताईने समजावलं. नवीन निघेल, पण ते घरच्या पत्त्यावरच येईल. घर हा शब्द कानावर पडला आणि त्याचं डोकं फिरलं.

वॉचमनने दांडकं त्याच्या गुडघ्यावर घातलं, मग खांद्यावर. तो पडला, पुन्हा उठला, आणि एका ठोशात त्याने वॉचमनचं नाक फोडलं. शिपाई आणि कॅशियर मदतीला धावले. तिघांनी मिळून त्याला काचांवरच पालथा पाडला. डोक्यातून रक्त गळत होतं, तरी त्याचं एकच चाललं होतं, तिला पैसे पाठवा. आतून आलेल्या साहेबांनी पोलिसांना फोन लावला.

ताईने असले नवरे पाहिले होते. बायकोच्या नाड्या मुठीत ठेवायच्या आणि अंगाशी आलं की गळा काढायचा. पोलीस बघून घेतील, तू दवाखान्यात जा, असं साहेब तिला म्हणाले. पण तिकडे ती बाई उपाशी होती, आणि तिने तर खुर्ची फेकली नव्हती. ताईने गालावर रुमाल दाबला आणि बायकोचा नंबर फिरवला.

बायकोने फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग दबक्या आवाजात विचारलं, "ताई, त्यांनी कुणाला मारलं का?"

रुमाल भिजून लाल झाला होता. "नाही," ताई म्हणाली.

ओळख पटवायचे प्रश्न झाले. अडीअडचणीला कार्डाशिवाय रोख मिळायची एक सोय होती. त्यासाठी बायकोने आपण कुठे आहोत ते सांगितलं, ताईने ते गाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि तिला परवलीचा आकडा दिला. तिथल्या बँकेच्या खिडकीवर तो सांगायचा आणि पैसे घ्यायचे. बायकोने आकडा परत म्हणून दाखवला. मग तिने फोन ठेवला.

पोलिसांची गाडी दाराशी लागली होती. साहेबांना एकदाची ही ब्याद टळायला हवी होती. ते वेल्डरपाशी वाकले आणि म्हणाले, "झालं तुझं काम. तासाभरात पैसे मिळतील तिला." मग मान वळवून त्यांनी पडद्यावरचं गाव वाचायला तोंड उघडलं.

वेल्डरने हिसडा देऊन दोन्ही हात सोडवून घेतले. वॉचमनने दांडकं उगारलं. पण त्या हातांनी त्याने स्वतःचे कान घट्ट दाबून धरले.

"गावाचं नाव घेऊ नका, साहेब," तो म्हणाला. "मला कळलं, तर मी तिथे जाईन."