पूर्ण एक मिनिट

प्रत्येक श्वासासरशी बाळाच्या बरगड्यांखाली बारीकशी खळी पडत होती. ऋजुता हातातल्या घड्याळावर श्वास मोजत होती.

“ताई, पंधरा सेकंद मोज आणि चारनं गुण की!” वॉर्डातला ज्युनिअर हसला.

गेल्या वर्षी तिनं नेमकं तेच केलं होतं. तिचा आकडा चुकला, एका बाळाचा न्यूमोनिया नजरेतून सुटला आणि विभागप्रमुख मॅडमनी तिला एमबीबीएसच्या बालरोगाच्या टर्ममध्ये नापास केलं. आता ती तीच टर्म पुन्हा करत होती. मिनिट पुरं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. “बासष्ट.”

मॅडमनी स्वतः मिनिटभर मोजलं. “बासष्टच. ऑक्सिजन लावा.” चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “टर्म सुटली तुझी. आता इकडं फिरकणार नाहीस ना?”

तिनं बाळाचं झबलं हलकेच खाली ओढलं. वर्षभर घरच्यांनाही न सांगितलेलं उत्तर तिच्या तोंडून निघालं. “येणार, मॅडम. एमडी बालरोगातच करणार.”