माहेरचा मसाला

लाल तिखट, जिरेपूड, लसूण पावडर आणि पिझ्झाबरोबर येणाऱ्या, जपून ठेवलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या. एवढ्यावर मी घरीच मेक्सिकन फाहिता मसाला केला आणि तेल-लिंबू घालून चिकनला चोळला.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "वर्षाचा मसाला भरलेला हाय घरात, नि हा कसला पालापाचोळा? मी नाय खायची." आणि खरंच, त्या दिवशी त्या वरणभातावर जेवल्या.

पुढे माझ्या त्या मसाल्याची बरणी मात्र भराभर उतरायला लागली. मी गुपचूप भरत राहिले.

परवा सफाळ्याच्या शालूकाकू जेवायला आल्या. चिकन सासूबाईंनीच केलं होतं. काकू बोटं चाटत मला म्हणाल्या, "काय चव हाय गं! ही तुझी सासू सुगंधा म्हणते, तिच्या माहेरचा मसाला हाय, मुरबे गावचा. मला काय सांगत नाय. तू तरी शिकून घे सासूकडून!"

मी सासूबाईंकडे पाहिलं.



"शिकवलाय मी तिला," पातेल्यावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "आता तीच करते."