बिनडाग झगा

बापाच्या हृदयात स्टेंट बसवून महिना होतो न होतो तोच म्हातारा पुन्हा शिलाई मशीनवर बसला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांमुळे सुई टोचली की बोट वाहतच राहायचं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर लाल ठिपका पडला, तशी दुकान सांभाळणारी लेक उखडली. "बाबा, झगा होईपर्यंत गोळ्या बंद! चार दिवसांनी काही बिघडत नाही." त्याने गोळ्यांची डबी फळीवर ठेवून दिली. ठिपका धुऊन झगा बिनडाग गेला आणि दुसऱ्याच सकाळी म्हातारा छाती धरून कोसळला. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. स्ट्रेचरपाशी डॉक्टर कडाडला, "कोणत्या शहाण्याने गोळ्या बंद केल्या?" लेक स्ट्रेचरची दांडी धरून उभी होती. "मीच विसरलो, साहेब," बाप म्हणाला. "विसरायला गोळ्या म्हणजे काय छत्री आहे?" "चुकलं माझं." त्याने हात जोडले. शेवटी लेकीने तोंड उघडलं, "बाबा, पाणी देऊ?"