बाबांचा अंगठा

रेवतीचे बाबा मालिशवाले. त्या दिवशीही त्यांनी तिची पोटरी नेहमीसारखीच रगडली, फक्त हातांत एका कंपनीचे, दाब टिपून घेणारे पातळ हातमोजे होते. त्यांच्या हाताची कला म्हणे कंपनीच्या मालिश करणाऱ्या पट्टीत उतरणार होती.

"दुखतंय का गं?"

"छे!"

तिच्या टाचेवर दोन थापा मारून ते उठले. संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्याबसल्याच गेले.

तीन महिन्यांनी राज्य स्पर्धेच्या मैदानावर प्रत्येक मुलीच्या पायाला ती निळी पट्टी होती. ती आपली आपणच पाय दाबायची, आणि मुली पूर्वीपेक्षा वेगात पळायच्या.

"काय दाबतोय गं म्हातारा!" मांडीवरच्या पट्टीकडे बघत एकजण खिदळली. रेवतीने मान फिरवली.

"तुझ्या तर घरचीच आहे," म्हणत सरांनी तिच्या पोटरीपासून टाचेपर्यंत पट्टी चिकटवली. "हिच्याशिवाय पळलीस तर शेवटची येशील."

पट्टीतून बाबांचा अंगठा नेमका पोटरीतल्या जुन्या गाठीवर रुतला. शेवटी टाचेवर दोन थापा पडल्या.

तिने पट्टी ओरबाडून काढली. ती तळहातावर पालीच्या तुटक्या शेपटीसारखी वळवळत, दाबतच राहिली. किळस आली, तरी रेवतीने ती टाकली नाही.

"दुखायचं, बाबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "रोज फार दुखायचं."

आणि नुसत्या पायांनी रेषेवर जाऊन उभी राहिली.