गार पाणी

सुट्ट्या लागल्या की शाळेतलं जेवण बंद, म्हणून एक संस्था गरिबाघरच्या पोरांना उन्हाळाभर दुपारचा डबा देणार होती. अट एवढीच, घरात फ्रिज नसावा. पाहणीला सिंधीपुऱ्यात आलेल्या मॅडमची नजर पूर्णिमाच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरू लागली, तशी तिला शंका आली, ही डबा द्यायला आलीय की कापायला? ती प्रत्येक उत्तर तोलूनमापून देत गेली. पण मे महिन्यात दारी आलेल्याला टाकीतलं तापलेलं पाणी कसं द्यायचं? तिनं लेकीला डोळ्यांनीच शेजारी पिटाळलं. मॅडम गारेगार पाणी घटाघटा प्यायल्या आणि तांब्यावरचे थेंब बघून म्हणाल्या, "फ्रिज कुठे लपवलाय?" "आमचा नाही, मॅडम, शेजारच्या सोजरबाईंचा. विचारा त्यांना." आपल्या दारात उभ्या सोजरबाईंनी पूर्णिमाच्या लेकीच्याच शाळेतल्या आपल्या नातवाला जवळ ओढलं. "कायचा फ्रिज, बाई? आम्हाले कुठे परवडतो," म्हणत त्यांनी पाठीमागचं दार लोटलं.