तळाचा पेपर

"तुमच्या प्रत्येकाच्या गठ्ठ्यात एक उत्तर दोनदा आहे," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "शब्द न् शब्द तेच, फक्त दोन वेगळ्या हातांनी लिहून घेतलंय. एकदा सगळ्यात वर ठेवलंय, एकदा पार तळाशी. आता ते दोन्ही पेपर काढा आणि आपणच दिलेले मार्क शेजारी शेजारी ठेवून बघा."

पेपर कसे तपासावेत हे प्राध्यापकांना शिकवायचा तो वर्ग. सकाळपासून नुसत्या जांभया चालल्या होत्या. आता एकदम कागदांची सळसळ झाली, आणि मग तीही थांबली.

"माझे दोन्हीकडे सारखेच आहेत बुवा!" संख्याशास्त्राचे सर मागच्या बाकावरून ओरडले. "दोन्ही वाचलेच नव्हते, चुकतील कसे?"

सगळे हसले. इतिहासाचे सर तेवढे हसले नाहीत. मुलं त्यांना 'काटा' म्हणत, सोनाराचा काटा. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांनी वरचा पेपर पाहिला. वीसपैकी बारा. तळाचा काढला. वीसपैकी पाच. आठला पास.

अक्षराला दोष द्यावा, तर तळाच्या पेपरातलं अक्षर जास्त देखणं. मग त्यांची नजर समासात गेली. वरच्या पेपरात एका वाक्याखाली लाल रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं, 'नेमका मुद्दा'. तळाच्या पेपरात त्याच वाक्याखाली तशीच रेघ, आणि शेजारी त्यांच्याच वळणदार अक्षरात, 'विषयांतर'.

त्यांनी त्या शब्दावर तळवा ठेवला. कुणी पाहिलं का? शेजारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. आता ती त्यांच्याच विभागात शिकवायची. ती समोर बघत होती. जरा जास्तच समोर बघत होती.

"कुणाला काही विचारणार नाही मी," प्रशिक्षक बाई सांगत होत्या. "माणूस आहे, दमतो."

सरांच्या कानात काही शिरत नव्हतं. यंदाच्या परीक्षेचा त्यांचा गठ्ठा तपासून खाली परीक्षा विभागात गेला होता, आणि आज पाचला निकाल लागायचा होता. तळाचे पेपर तपासताना पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते. हातावेगळं करायचं म्हणून केलं होतं. उठताना ते बायकोला म्हणाले होते, "यंदा शेवटी शेवटी सगळी नापासांचीच भरती होती गं."

ते खुर्ची सारून उठले. बाई बोलत असतानाच दाराकडे निघाले.

"सर, बरं वाटत नाहीये का? थांबा, मी येते," म्हणत ती जुनी विद्यार्थिनी त्यांच्यामागे जिना उतरली.

परीक्षा विभागातल्या बाई संगणकापुढे बसल्या होत्या. "तुम्ही आणि गठ्ठा परत मागताय?" त्या हसल्या. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? अहो, निकाल छापायला निघालाय. साहेबांना कारण काय सांगू?"

"सांगा, तपासणाऱ्याचा भरवसा नाही," सर म्हणाले.

बाई हसायच्या बेतात होत्या. त्यांचा चेहरा बघून थांबल्या, आणि उठून त्यांनी गठ्ठ्याची दोरी कापली.

सरांनी गठ्ठा उलटा केला. तळाचा पेपर वर आला. "मार्क झाक," ते तिला म्हणाले. "समासही झाक. माझं लाल मला दिसता कामा नये."

तिने कोरे कागद लावून धरले. सर वाचू लागले. पहिलं पान झालं, दुसरं झालं. ओठ हलत होते. देवा, हा नापासच असू दे. फक्त एवढा एक नापास असू दे.

आणि आपण काय मागतोय हे त्यांचं त्यांना ऐकू आलं. कुणाच्या तरी लेकराचं वाईट मागतोय, तेही देवाकडे. हात पानावरच राहिला. तिनेच उलटलं.

शेवटची ओळ संपली. त्यांनी कोऱ्या कागदावर बेरीज केली, पुन्हा केली.

"ऐंशीपैकी अठ्ठेचाळीस," ते कसेबसे म्हणाले.

तिने वरचा कागद हळूच बाजूला केला. खाली लाल शाईत एकतीस होते, पासाला एक कमी. गोल केलेले, ठसठशीत.

परीक्षा विभागातल्या बाईंनी फोन उचलला. "साहेब, इतिहासाचा निकाल थांबवा. हो, सगळाच. नाही, सर इथेच आहेत, तपासतायत."

सरांनी पुढच्या पेपराकडे हात केला. तिने तो दिला नाही. पेपरावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

"सर, दुसऱ्या वर्षाला मी तुमच्या विषयात राहिले होते. वर्ष गेलं माझं. घरी लग्नाचं बघायला लागले होते." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी वर्गात शंका विचारावी तसं तिने विचारलं, "तेव्हा माझा पेपर गठ्ठ्यात कुठं होता हो?"